तलावातला न दिसणारा साठा आणि तो फोडणारे विकर

भर उन्हात, वर छप्पर नसलेल्या पोहण्याच्या तलावात सकाळी क्लोरीन घातले, तर दुपारी त्यातले किती शिल्लक राहते? तलावावर काम करणारा माणूस सांगेल, ‘काही राहत नाही साहेब, उन्हाने उडून जाते.’ त्याचे निरीक्षण अचूक आहे. फक्त ‘उडून जाते’ हा शब्द तेवढा सैल आहे. क्लोरीनचा फार थोडा भाग वायू होऊन हवेत जातो. उरलेले पाण्यातच राहते, पण निरुपयोगी होऊन. हे कसे घडते आणि ते टाळण्याच्या उपायातून दुसरी अडचण कशी उभी राहते, हे या लेखात पाहू. त्या दुसऱ्या अडचणीवर जीवाणूंपासून मिळालेले एक विकर कसे वापरता येईल, यावर गेली काही वर्षे संशोधन चालू आहे. मुख्यतः त्याबद्दलच आम्हाला सांगायचे आहे. शाळेत शिकवले जाणारे बरेचसे रसायनशास्त्र आणि थोडे जीवशास्त्र या एकाच गोष्टीत सापडते.

क्लोरीन वायूच्या, विरंजक चूर्णाच्या किंवा गोळीच्या रूपात घातले, तरी पाण्यात त्याचे हायपोक्लोरस आम्ल होते. या आम्लाचा काही भाग हायड्रोजन आयन सोडून देतो आणि हायपोक्लोराइट आयन बनतो. पाण्याचा सामू ७.५ च्या आसपास असेल, तर दोन्ही साधारण निम्मे निम्मे असतात. जंतू मारण्याचे काम प्रामुख्याने हायपोक्लोरस आम्ल करते. हायपोक्लोराइट आयन मात्र २९० नॅनोमीटरच्या आसपासची अतिनील किरणे शोषून घेतो. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या सूर्यप्रकाशाची सीमा नेमकी इथेच सुरू होते. किरण शोषला की आयन मोडतो आणि शेवटी उरतो तो साधा क्लोराइड, म्हणजे मिठातला, आणि ऑक्सिजन. क्लोराइड कोणत्याही जंतूला मारत नाही. स्वच्छ उन्हात अशा रीतीने पाण्यातले निम्मे क्लोरीन तासाभराच्या आतच संपते.

यावर शोधलेला उपाय म्हणजे सायन्युरिक आम्ल. तलावाच्या व्यवसायात त्याला स्थिरक म्हणतात. त्याची ओळख रसायनशास्त्राला जुनीच आहे. वोलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८ मध्ये युरिया प्रयोगशाळेत तयार केला, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतोच. तोच युरिया तापवत गेले की सायन्युरिक आम्ल मिळते आणि आजही कारखान्यात ते असेच बनवतात. त्याच्या रेणूत सहा अणूंचे एक कडे असते: एक कार्बन, एक नायट्रोजन, पुन्हा एक कार्बन, असे आळीपाळीने. प्रत्येक कार्बनला एक ऑक्सिजन जोडलेला, प्रत्येक नायट्रोजनला एक हायड्रोजन. या नायट्रोजनवरचा हायड्रोजन काढून त्या जागी क्लोरीन सहज बसते आणि तितक्याच सहज सुटतेही. कड्यावर बसलेल्या क्लोरीनला ऊन फारसे मोडत नाही.

याची तुलना आम्ही पतपेढीतल्या ठेवीशी करतो. खिशातले पैसे म्हणजे हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट. कड्यावर बसलेले क्लोरीन म्हणजे ठेव. खिसा रिकामा होऊ लागला की ठेवीतून थोडे थोडे पैसे बाहेर येतात. ऊन हा खिसेकापू आहे. त्याचा हात ठेवीपर्यंत पोचत नाही. फक्त या पतपेढीचा एक नियम असा, की खाती जितकी जास्त, तितके खिशात कमी उरते. सायन्युरिक आम्ल लिटरला ३० मिलिग्रॅम असले, तरी पाण्यातल्या क्लोरीनचा शंभरातला पंच्याण्णवांहून अधिक भाग ठेवीत असतो. आम्ल वाढत गेले, की खिशातला हिस्सा त्याच प्रमाणात आणखी घटत जातो. जंतू मरतात ते खिशातल्या पैशाने, ठेवीच्या पासबुकाने नव्हे.

आणि पासबुक फसवे असते. तलावावर क्लोरीन मोजण्यासाठी जी गुलाबी रंगाची चाचणी करतात, ती खिसा आणि ठेव यांत फरक करत नाही. रंग देणारे रसायन खिशातले क्लोरीन वापरते, त्याबरोबर ठेवीतले बाहेर येते, तेही वापरले जाते, आणि काही क्षणांत सगळ्याची बेरीज रंगात दिसते. म्हणजे दोन तलावांत चाचणीचा रंग अगदी सारखा आला, तरी एका तलावात जंतू झपाट्याने मरतात आणि दुसऱ्यात रेंगाळतात, असे होऊ शकते.

आता साठा कसा होतो ते पाहू. स्थिरक एकदाच मोजून घातले तर प्रश्न येत नाही. पण बाजारात सर्वांत सोयीच्या म्हणून ज्या गोळ्या मिळतात, आपल्याकडेही टीसीसीए या नावाने विकल्या जातात, त्या ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या असतात. म्हणजे कड्याच्या तिन्ही नायट्रोजनवर आधीच क्लोरीन बसवलेले. गोळी विरघळते, क्लोरीन आपले काम करून संपते, पण कडे पाण्यातच राहते. गणित वर्गात फळ्यावर करण्यासारखे आहे. सायन्युरिक आम्लाचा रेणुभार १२९. गोळीचा एक रेणू तीन क्लोरीन रेणूंइतके काम करतो, म्हणून ७१ गुणिले ३ बरोबर २१३. म्हणजे २१३ ग्रॅम उपयुक्त क्लोरीनमागे १२९ ग्रॅम सायन्युरिक आम्ल. पाण्यात १० मिलिग्रॅम क्लोरीन घातले की ६ मिलिग्रॅम हे आम्ल आपोआप वाढते.

उन्हातल्या तलावात रोज लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन संपते असे धरा. ते या गोळ्यांनी भरून काढले तर आम्ल रोज १.२ मिलिग्रॅमने, महिन्याला ३६ ने वाढते. तीन महिन्यांत ते शंभरी ओलांडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत लिटरला १०० मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. हे आम्ल पाण्याबरोबर वाफ होऊन जात नाही, ऊन त्याला मोडत नाही, क्लोरीन मोडत नाही, गाळणीत अडकत नाही. तलावातून ते बाहेर जाते ते पाण्याबरोबरच: गाळणी उलटी धुताना, पोहणाऱ्यांच्या अंगाबरोबर, किंवा पावसाळ्यात तलाव भरून वाहतो तेव्हा. कोकणातल्या उघड्या तलावाला मुसळधार पाऊस ही सेवा फुकट देतो, पण मार्चपासून मेपर्यंत, म्हणजे मुलांची गर्दी असते तेव्हा, पाऊस नसतो.

एवढे आम्ल साठले तर बिघडले कुठे? ते स्वतः फारसे विषारी नाही. मात्र मेलामिनबरोबर त्याची जोडी धोक्याची ठरते. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत पाळीव कुत्र्यामांजरांच्या खाद्यात हे दोन्ही पदार्थ एकत्र सापडले होते. दोघांचे स्फटिक मूत्रपिंडात जमून अनेक प्राणी दगावले. गंमत अशी, की तलावातले आम्ल मोजण्याची नेहमीची चाचणी याच जोडीवर चालते. पाण्याच्या नमुन्यात मेलामिनचे द्रावण घालतात, पांढरा गढूळपणा येतो, आणि नळीच्या तळाशी असलेला काळा ठिपका किती उंचीच्या पाण्याखाली दिसेनासा होतो त्यावरून प्रमाण ठरवतात.

खरा धोका जंतूंच्या बाजूने आहे. अतिसाराचे बहुतेक जीवाणू थोड्या क्लोरीननेही लवकर मरतात. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी जाड कवचाच्या अवस्थेत पाण्यात येतो आणि नेहमीच्या क्लोरीनमध्ये कित्येक दिवस तग धरतो. पोहताना एखाद्या मुलाला जुलाब झाले, पाणी कुणाच्या तोंडात गेले, की साथ पसरायला तेवढे पुरते. अशा प्रसंगी अमेरिकेतील रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राचा सल्ला असा आहे: स्थिरक नसलेल्या तलावात लिटरला २० मिलिग्रॅम क्लोरीन पावणेतेरा तास ठेवावे. स्थिरक असेल, तर त्याचे प्रमाण आधी १५ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणावे, आणि तरीही तेवढेच क्लोरीन २८ तास ठेवावे. म्हणजे अगदी थोडे स्थिरकही वेळ दुपटीहून अधिक वाढवते. मग १०० मिलिग्रॅम असलेल्या तलावाचे काय? तिथे क्लोरीन ओतत बसण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा आम्लच काढले पाहिजे.

काढायचे कसे? सरधोपट मार्ग पाणी बदलण्याचा. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.६ मीटर खोल तलावात ५ लाख लिटर पाणी मावते. आम्ल १०० वरून ४० वर आणायचे, तर शंभरातले साठ भाग, म्हणजे ३ लाख लिटर पाणी सोडून नवे भरावे लागेल. दहा हजार लिटरचे तीस टँकर! मे महिन्यात आपल्या बहुतेक गावांत हा हिशेब उच्चारायचीही सोय नाही. दुसरा मार्ग व्यस्त परासरणाचा, पडद्यातून पाणी दाबून काढण्याचा. तो चालतो, पण यंत्रसामग्री महाग आणि काही पाणी वाया जातेच.

गोळ्यांऐवजी विरंजक चूर्ण किंवा सोडियम हायपोक्लोराइट वापरले तर आम्ल वाढतच नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. आमच्या मते निम्मे उत्तर इथेच आहे. पण आधीच साठलेल्याचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

इथे जीवाणू मदतीला येतात, आणि तेही अगदी वेगळ्या वाटेने. ॲट्राझिन हे मका आणि उसाच्या शेतात वापरले जाणारे तणनाशक. त्याच्या रेणूच्या मध्यभागी तेच सहा अणूंचे कडे असते, फक्त भोवतीचे गट वेगळे. हे तणनाशक जमिनीत आणि भूजलात टिकून राहते, म्हणून ते फोडणारे जीवाणू शोधण्याचा प्रयत्न अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात चालू होता. तणनाशक सांडलेल्या जागेच्या मातीतून एक स्यूडोमोनास मिळाला आणि १९९५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो ॲट्राझिन हाच नायट्रोजनचा स्रोत म्हणून वापरतो. लॉरेन्स वॅकेट, मायकेल सडोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची सहा पायऱ्यांची कार्यपद्धती उलगडली. पहिली तीन विकरे कड्याभोवतीचे गट एकेक करून उतरवतात. उतरवून उरते काय? सायन्युरिक आम्ल! पुढची तीन विकरे त्याचे तुकडे करत शेवटी अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेतात. शेतीच्या प्रदूषणावर काम करणाऱ्यांच्या हाती अशा रीतीने तलावाच्या प्रश्नाची किल्ली आली.

आपल्या कामाचे विकर चौथे, सायन्युरिक आम्ल हायड्रोलेज. ते पाण्याचा एक रेणू वापरून कडे एका जागी फोडते. फुटलेल्या साखळीतून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आपोआप निसटतो आणि बाययुरेट उरते. आम्ल १२९ आणि पाणी १८, एकूण १४७. इकडे बाययुरेट १०३ आणि कार्बन डायऑक्साइड ४४, पुन्हा १४७. कडे फुटले की क्लोरीन साठवण्याची ती विशिष्ट क्षमता गेली.

बाययुरेट हे नाव प्रथिनांच्या चाचणीमुळे शिक्षकांना परिचित असेल. कोरड्या परीक्षानळीत चिमूटभर युरिया मंद आचेवर तापवा. तो वितळतो, अमोनियाचा वास येतो आणि हळूहळू पांढरा घट्ट पदार्थ बनतो. नळी थंड झाल्यावर तो पाण्यात विरघळवून सोडियम हायड्रॉक्साइड आणि मोरचुदाच्या फिकट द्रावणाचे दोन थेंब घातले की जांभळा रंग दिसतो. तेच बाययुरेट. आच वाढवत राहिले तर पुढे सायन्युरिक आम्ल होते, पण शाळेत तिथवर जाऊ नये. त्रासदायक वाफा निघतात. खिडकी उघडी हवी आणि प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा. म्हणजे आपण उष्णतेने ज्या जिन्यावरून चढतो, त्यावरून जीवाणू साध्या तापमानाला एक पायरी खाली उतरतो.

या विकराची रचनाही पाहण्याजोगी आहे. २०१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने ती उलगडली तेव्हा दिसले, की प्रथिनाच्या साखळीचे तीन भाग जवळजवळ एकसारखे घडी घालून एका वर्तुळात बसले आहेत आणि आम्लाचा रेणू त्यांच्या मधोमध बसतो. सायन्युरिक आम्लाचे कडेही एकतृतीयांश फिरवले तर पुन्हा जसेच्या तसे दिसते. तीन सारख्या बाजूंच्या रेणूला तीन सारख्या बाजूंची बैठक! अशा घडणीची विकरे निसर्गात फारच थोडी आहेत.

मग हे विकर सरळ तलावात का ओतत नाहीत? अडचण अशी, की विकर हे प्रथिन आहे आणि क्लोरीन प्रथिनांचा शत्रू. जंतू मरतात तेही बऱ्याच अंशी त्यांची प्रथिने बिघडल्यामुळेच. शिवाय जिवंत जीवाणू पोहण्याच्या पाण्यात सोडणे कुणालाच पसंत पडणार नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिनेसोटाच्या एका कामात या दोन्ही गोष्टींचा विचार दिसतो. त्यांनी तीन वेगवेगळ्या जीवाणूंतली ही विकरे घेतली आणि त्यांची जनुके ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जीवाणूत घातली. हे जीवाणू विकराने गच्च भरले, की त्यांना ७० अंश सेल्सिअसला तासभर ठेवून मारून टाकायचे. जीवाणू मेला तरी विकर शाबूत राहिले पाहिजे. या परीक्षेत तिघांपैकी एकच उत्तीर्ण झाले: मूरेला थर्मोॲसेटिका या उष्णताप्रिय जीवाणूचे. गरम जागी राहणाऱ्याची प्रथिने उष्णतेला सरावलेली असतात, हे त्यामागचे साधे कारण. मग या मृत पेशी सच्छिद्र सिलिकाच्या कणांत कोंडल्या आणि त्या कणांनी भरलेल्या नळीतून पाणी सोडले. आम्लाचे छोटे रेणू छिद्रांतून आत शिरतात, फुटतात आणि बाहेर पडतात. पेशी आतच राहतात. तलावाच्या गाळणीशेजारी असे भांडे बसवून थोडे थोडे पाणी त्यातून फिरवावे, अशी ही कल्पना आहे.

क्लोरीनचा रेणू मात्र आम्लाहूनही लहान. सिलिका त्याला अडवू शकत नाही. त्यामुळे भांड्यात जाणाऱ्या पाण्यातले क्लोरीन आधी नष्ट करणे इष्ट ठरते. आपल्या प्रयोगशाळेतला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, हे काम चोख करतो. त्याचा दुसराही फायदा आहे. क्लोरीन बसलेले कडे विकराला ओळखता येत नाही. क्लोरीन काढले की सगळेच कडे मोकळे होऊन त्याच्यासमोर येते. पण थायोसल्फेट जास्त झाले तर ते तलावात परत जाऊन तिथले क्लोरीनही खाईल. अशा किरकोळ वाटणाऱ्या तपशिलांवरच बहुतेक चांगल्या कल्पना अडतात.

मोठा प्रश्न नायट्रोजनचा आहे, आणि त्यावर पुरेसे बोलले जात नाही असे आम्हाला वाटते. आपल्या ५ लाख लिटरच्या तलावात १०० वरून ४० वर येणे म्हणजे ३० किलो आम्ल फोडणे. त्यातून सुमारे २४ किलो बाययुरेट तयार होते आणि ते पाण्यातच राहते. आम्लातला एकही नायट्रोजन अणू बाहेर गेलेला नसतो. बाययुरेटच्या नायट्रोजनवरही हायड्रोजन आहेत. क्लोरीन त्यांच्याशी क्रिया करून खर्च होऊ शकते. आणि पुढची दोन विकरेही वापरून अमोनियापर्यंत गेलो तर? अमोनिया क्लोरीनशी संयोग पावून क्लोरामाइने बनवतो, ज्यांच्यामुळे डोळे चुरचुरतात आणि ‘तलावाचा वास’ येतो. अमोनियाचा नायट्रोजन वायू करून हाकलायचा तर दोन अमोनिया रेणूंमागे तीन क्लोरीन रेणू लागतात. आम्लाच्या एका रेणूत तीन नायट्रोजन, म्हणून साडेचार क्लोरीन रेणू. वजनात मांडले तर १२९ ग्रॅमला ३१९ ग्रॅम, जवळपास अडीच पट. ३० किलो आम्लाला सुमारे ७५ किलो क्लोरीन! बंद ठेवलेल्या तलावातले क्लोरीन संपले आणि जीवाणूंनी स्वतःच आम्ल अमोनियापर्यंत फोडले, की पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला कितीही क्लोरीन ओतले तरी चाचणीत शून्य दिसते, त्यामागे हेच गणित असते. म्हणून विकराची एकच पायरी वापरून बाययुरेटपाशी थांबणे हा सध्या त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग दिसतो.

अमेरिकेत जीवाणूंवर आधारलेली चूर्णे तलावमालकांसाठी विकली जातात. ती पाण्यात टाकायची, पाणी कोमट हवे आणि क्लोरीन अगदी कमी ठेवायचे. लोकांचे अनुभव एकसारखे नाहीत, आणि कारण वर आलेच आहे: जीवाणूला जगू देणारे पाणी रोगजंतूंनाही जगू देते. जितके दिवस हे चूर्ण काम करत आहे, तितके दिवस त्या पाण्यात कुणी उतरू नये. सिलिकात कोंडलेल्या मृत पेशींच्या भांड्याचा फायदा इथे कळतो, कारण क्लोरीन कमी करायचे ते फक्त भांड्यातून जाणाऱ्या पाण्यात. तलावात ते पूर्ण ठेवता येते.

तुमच्या शाळेजवळ किंवा गावात तलाव असेल तर विद्यार्थ्यांना एक काम देता येईल. वापरात असलेल्या डब्यावर क्लोरीनचे कोणते संयुग लिहिले आहे, रोज किती घातले जाते आणि पाणी शेवटचे कधी बदलले, एवढे विचारून यायचे. या तीन उत्तरांवरून सायन्युरिक आम्ल किती साठले असेल याचा अंदाज वर दिलेल्या ६ आणि १० च्या प्रमाणाने काढता येतो. मग चाचणी करून तो ताडून पाहता येतो. अंदाज आणि मोजमाप यांत फरक पडला, तर तो गळतीचा, गाळणी धुण्याचा की पावसाचा, हे शोधण्यात एक तासिका सहज जाईल.